वाढताना पाहिलेली माणसं

मालिका पाहणाऱ्या बायकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ती आधी अशी नव्हती.’ कधी ते कौतुकाने येतं, कधी तक्रारीने. कौतुकाने येतं तेव्हा बोलणारीला त्या व्यक्तिरेखेचे पहिल्या महिन्यातले दिवस लख्ख आठवत असतात. तेव्हा ती कुणापुढे गप्प बसायची, कशाला घाबरायची, कुणाचं मन राखण्यासाठी स्वतःचं म्हणणं गिळायची, हे सगळं. आज तीच बाई सगळ्यांसमोर शांतपणे ‘मला हे जमणार नाही’ म्हणते, तेव्हा त्या दोन दिवसांमधलं अंतर या प्रेक्षक बाईने स्वतः पाहिलेलं असतं. तिला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या पानांतले लेख या पाहण्याविषयी आहेत. मालिकेतली एखादी व्यक्तिरेखा मोठी होत जाते, तिला अक्कल येते, बळ येतं, कधी पश्चात्ताप होतो, आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसणारा प्रेक्षक ती वाढ ओळखतो, पारखतो, तिला दाद देतो. ही दाद नेमकी कशाला असते, हा या लेखनाचा विषय. आपल्याकडे मालिकांविषयी बोलताना टीआरपीचा हिशेब होतो नाहीतर टिंगल होते. रोज अर्धा तास मन लावून पाहणाऱ्या माणसाची जाण मात्र दुर्लक्षित राहते. ती जाण मला फार मोलाची वाटते, आणि ती का वाटते हे सांगण्यासाठी मी एका मालिकेपाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

त्याआधी रंगभूमीकडे एक नजर टाकू, कारण बदलणाऱ्या माणसाची गोष्ट मराठी प्रेक्षकाला नाटकाने फार आधीपासून दाखवली. वसंत कानेटकरांचं ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली रंगभूमीवर आलं. त्यातले तत्त्वनिष्ठ प्राचार्य विद्यानंद खोट्या आरोपापायी तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूडाने पेटलेले, गुन्हेगारीच्या वाटेला लागलेले. ज्याला त्यांनी माणसात आणण्याची धडपड केली तो उडाणटप्पू लाल्या पोलीस अधिकारी होऊन त्यांच्यापुढे उभा राहतो. प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या ज्यांनी पाहिला ते आजही त्याविषयी भरभरून बोलतात. पण तुरुंगातली वर्षं पडद्यामागे गेली. लाल्या सुधारला तो अंकांच्या मधल्या काळात. प्रेक्षकाने ते मानून घेतलं, कारण नटांनी मानायला लावलं. अडीच-तीन तासांच्या नाटकाला दुसरा मार्ग नाही. दोन टोकं दाखवायची आणि मधला प्रवास नटाच्या देहबोलीवर सोपवायचा.

दैनंदिन मालिकेपाशी नेमका तो मधला काळ असतो. तिच्यापाशी दुसरं काही असो वा नसो, वेळ मुबलक आहे. आठवड्याचे सहा दिवस, जाहिराती वगळून बावीसएक मिनिटं, आणि असं वर्षानुवर्षं. माणूस खरोखर ज्या गतीने बदलतो, म्हणजे दोन पावलं पुढे आणि एक मागे, ती गती पकडू शकणारा हा आपल्याकडचा एकमेव कथाप्रकार आहे असं मी जबाबदारीने म्हणेन. कादंबरी त्याच्या जवळ पोचते, पण ती वाचकाच्या सोयीने संपते. मालिकेतली व्यक्तिरेखा प्रेक्षकाबरोबर म्हातारी होते. ती पहिल्यांदा घरात आली तेव्हा शाळेत असलेली मुलगी तिच्या शेवटच्या भागापर्यंत कॉलेजात पोचलेली असते.

हे सामर्थ्य असूनही बहुतेक मालिकांतली माणसं वाढत नाहीत, याची कारणं धंद्याच्या रचनेत आहेत. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि या सगळ्यांच्या वर वाहिनीची क्रिएटिव्ह टीम. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. एखादा ट्रॅक चालला की तो लांबवायचा, नाही चालला की गुंडाळायचा. ज्या भांडणावर मालिका उभी आहे ते मिटलं तर उद्या काय दाखवायचं, ही भीती लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर कायम बसलेली. म्हणून सासू वर्षभर त्याच सुरात टोमणे मारते, खलनायिका पकडली जाते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा कट रचायला मोकळी होते. बदल दाखवायचाच झाला तर ‘लीप’ घेतात: पडद्यावर ‘पाच वर्षांनंतर’ अशी अक्षरं उमटतात, नायिकेची केशरचना बदलते, ती गाडीतून उतरते, आणि आता ती समर्थ झाली असं आपण समजायचं. प्रेक्षक ते पाहतो, पण मनापासून दाद देत नाही. ती पाच वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली नसतात. नाटकातली मधली वर्षं तो सहज मान्य करतो, मालिकेतली करत नाही, कारण मालिकेने त्याला रोज बोलावून साक्षीदार केलेलं असतं आणि ऐन वेळी बाहेर बसवलेलं असतं.

आता ‘आई कुठे काय करते’कडे येते. २३ डिसेंबर २०१९ रोजी स्टार प्रवाहवर ती सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. मूळ गोष्ट बंगाली: लीना गंगोपाध्याय यांनी लिहिलेली ‘श्रीमयी’, ज्यात इंद्राणी हलदार होत्या. तिच्यावरून हिंदीत ‘अनुपमा’ झाली, कन्नड, तेलुगू, मल्याळम, तमिळमध्येही ती गेली. एकच बाई इतक्या भाषांत उभी राहिली, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं बळ वेगळ्या गोष्टीतून आलं. हिंदीतली अनुपमा नाचते, तमिळमधली बाक्यलक्ष्मी स्वयंपाकातून व्यवसाय उभा करते. मराठीतली अरुंधती गाते. अरुंधती साकारणाऱ्या मधुराणी प्रभुलकर स्वतः गातात, ‘कवितेचं पान’सारखा उपक्रम त्यांनी चालवला आहे, त्यामुळे अरुंधतीच्या गाण्यात उसनेपणा नव्हता. घरकामाच्या रेट्यात मागे पडलेला गळा वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास पुन्हा उघडणं ही मराठी मध्यमवर्गीय घरांना अगदी आतून ओळखीची गोष्ट आहे. पेटीवर वर्षानुवर्षं कापड पडलेलं कितीतरी घरांत असतं.

मालिकेचं शीर्षक हे घरातल्या माणसांचं वाक्य आहे. आई काही करते असं त्यांना दिसतच नाही. अरुंधती देशमुख ‘समृद्धी’ बंगल्यात पंचवीस वर्षं सासू-सासरे, नवरा अनिरुद्ध आणि तीन मुलं यांचं करते, आणि अनिरुद्धला तिची लाज वाटते, मुलांना तिचं इंग्रजी कमी वाटतं. घरात कुणी तिच्याकडे नीट पाहिलेलंच नाही. आणि इथे या मालिकेचं सगळं मर्म आहे असं मला वाटतं. घरातल्यांनी जे पाहणं सोडून दिलं ते प्रेक्षकाने केलं. देशमुखांच्या घरात तिची नोंद नव्हती; ती नोंद ठेवली लाखो घरांतल्या बायकांनी आणि न सांगता तिथेच सोफ्याच्या कडेला बसून पाहणाऱ्या पुरुषांनीही. व्यक्तिरेखेची वाढ आवडणं म्हणजे इथे अक्षरशः तिची दखल घेणं होतं.

या वाढीची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. अनिरुद्धचे संजनाशी असलेले संबंध उघड झाल्यावर अरुंधती लगेच घराबाहेर पडत नाही. प्रोमोला साजेसं एखादं तडफदार भाषण करून ती त्या क्षणी नवी झाली नाही. आधी ती स्वतःलाच दोष देते, मग घर सावरायला बघते, मग मुलांच्या तोंडाकडे बघते. सासू कांचन तिच्या विरोधात उभी राहते, सासरे आप्पा तिच्या बाजूने. २०२१ साली घटस्फोट होतो तोवर प्रेक्षकाने तिचा प्रत्येक नकार कुठून आला ते पाहिलेलं असतं. म्हणून त्या घटस्फोटाच्या दिवसांत लोक विलक्षण भावुक झाले. ज्या पिढीने घटस्फोट हा शब्द दबल्या आवाजात उच्चारला त्या पिढीतल्या आज्या ‘बरं केलं’ म्हणाल्या. हे मत त्यांनी कुठल्या चर्चासत्रात बनवलं नव्हतं. दीडेक वर्ष रोज संध्याकाळी साडेसात वाजता त्या अरुंधतीशेजारी बसल्या होत्या.

मधुराणी प्रभुलकर यांच्या अभिनयातली एक गोष्ट मला विशेष वाटते. अरुंधती बदलली तरी तिचा सौम्यपणा गेला नाही. मराठी मालिकांत बाई कणखर झाली की आवाज चढतो, भुवई उडते, चालण्यात ठसका येतो. अरुंधती बोलायची तशीच बोलत राहिली. बदललं ते इतकंच की वाक्य पूर्ण करू लागली. मधेच कुणी तोडलं तर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करू लागली. माणूस खरोखर वाढतो तेव्हा तो दुसराच कुणी होत नाही. त्याचा स्वभाव टिकतो आणि त्या स्वभावातली भीती कमी होते. प्रेक्षकाला हे शास्त्र म्हणून माहीत नसेल, पण त्याला ते दिसतं, आणि जिथे दिसत नाही तिथे तो चटकन म्हणतो, ‘हिचं कॅरेक्टरच बदलून टाकलं.’ स्वभावातून आलेला बदल आणि गोष्टीच्या सोयीसाठी लादलेला बदल यांतला फरक जितक्या अचूकपणे रोजचा प्रेक्षक पकडतो तितका मी फार थोड्या समीक्षकांना पकडताना पाहिला आहे.

घटस्फोटानंतर प्रेक्षकांची एक मोठी तक्रार सुरू झाली: ही वेगळी झाली तर मग सारखी त्याच घरात का जाते? समृद्धीचा उंबरा तिला सुटत कसा नाही? तक्रारीत तथ्य होतं. निर्मितीची सोय, उभारलेला सेट, घरातल्या सगळ्या व्यक्तिरेखांना एका दिवाणखान्यात आणण्याची गरज, हे सगळं त्यामागे होतंच. तरीही मला त्यात काहीतरी खरं दिसलं. तीन मुलं, आजारी पडणारे सासू-सासरे, पंचवीस वर्षांची सवय. कोर्टात सही केली म्हणून हे सुटत नाही. कायद्याने संपलेलं नातं मनाने संपायला किती वर्षं लागतात हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना अरुंधतीच्या त्या फेऱ्या समजल्या असतील. आणि तक्रार करणाऱ्यांचा रागही मला प्रेमाचाच वाटतो. ‘आता परत मागे जाऊ नकोस’ असं आपण ज्याची वाढ मनावर घेतलीय त्यालाच म्हणतो. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्या मागे जाण्याने कुणी चिडत नाही.

पुढे आशुतोष केळकर आला. कॉलेजच्या दिवसांपासून तिच्यावर प्रेम करणारा, कधीच न बोललेला. ओंकार गोवर्धन यांनी तो फार संयमाने उभा केला. या टप्प्यावर मालिका सहज घसरू शकली असती: एका पुरुषाने टाकलं, दुसऱ्याने उचललं, झालं सुखी. पण अरुंधतीने होकार द्यायला जो वेळ घेतला, ती जशी चाचपडली, त्यामुळे ते लग्न तिचा निर्णय वाटलं. मोठ्या मुलाचा, अभिषेकचा विरोध, मुलगी इशाचा विरोध, कांचनचा संताप. बाजूने धाकटा यश आणि आप्पा. २०२३ साली ती लग्न करते तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या बाईचं दुसरं लग्न, तेही मोठ्या मुलांच्या आणि माजी सासरच्यांच्या देखत, मराठी घराघरांत चर्चेला आलं. ‘या वयात काय गरज?’ म्हणणाऱ्या आणि ‘या वयातच तर गरज’ म्हणणाऱ्या बायका लोकलच्या एकाच डब्यात बसून वाद घालत होत्या. दोघींचाही मुद्दा अरुंधतीच्या भूतकाळावर आधारलेला होता. एकीला तिची मुलं आठवत होती, दुसरीला तिचा एकटेपणा.

आशुतोषचा मृत्यू दाखवला तेव्हा मात्र माझ्यासकट अनेकांना वाटलं की गोष्टीने तिच्यावर अन्याय केला. इतक्या कष्टाने मिळवलेलं सुख एका अपघातात काढून घेणं हे दुःखाला पुन्हा कामाला लावणं होतं. २०२४च्या मार्चमध्ये मालिका संध्याकाळच्या वेळेवरून दुपारी अडीचला गेली. त्यानंतर सोबत राहिलेला प्रेक्षक कमी असेल, पण निष्ठावान होता.

संजनाविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील, कारण प्रेक्षकाच्या उदारपणाची खरी कसोटी तिथे लागली. सुरुवातीला दीपाली पानसरे ही भूमिका करत होत्या. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबलं, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं, आणि त्या वर्षी रुपाली भोसले संजना म्हणून आल्या. चेहरा बदलला तरी प्रेक्षकाने संजनाचा जुना हिशेब जसाच्या तसा नव्या नटीच्या नावावर चढवला. ज्या बाईने दुसरीचा संसार मोडला तिला माफी नाही, हा मराठी प्रेक्षकाचा जुना कायदा. पण लग्न होऊन समृद्धीत आल्यावर संजना हळूहळू अरुंधतीच्या जागेत अडकत गेली. तेच स्वयंपाकघर, त्याच अपेक्षा, तोच अनिरुद्ध, आता दुसरीकडे बघणारा. जिने आधीच्या बाईला कमी लेखलं होतं तिला त्या बाईचं ओझं स्वतःच्या खांद्यावर कळलं. रुपाली भोसले यांनी तो चिडचिडेपणा, तो अपमान, आणि उशिरा आलेली समज फार प्रामाणिकपणे दाखवली. आणि ज्या बायका तिला शिव्याशाप देत होत्या त्याच म्हणू लागल्या, ‘तिचंही काही सोपं नाही.’ एवढ्या चार शब्दांपर्यंत पोचायला त्यांना दोनेक वर्षं लागली. माझ्या मते या मालिकेने प्रेक्षकांकडून मिळवलेली ही सगळ्यांत अवघड दाद होती, अरुंधतीला मिळालेल्या टाळ्यांपेक्षाही.

अनिरुद्ध मात्र कधी खऱ्या अर्थाने वाढला नाही. मिलिंद गवळी यांनी त्याचा अहंकार, त्याची केविलवाणी असूया, मधूनच डोकावणारी माया हे सगळं दाखवलं, पण त्याला शहाणपण आलं असं वाटता वाटता तो पुन्हा मूळपदावर यायचा. काहींना यात मालिकेचा आळस दिसतो. मला त्यात एका पिढीतल्या पुरुषांचं बऱ्यापैकी खरं चित्र दिसतं. मात्र पुरुषाची वाढ संयमाने, वर्षभर वेळ देऊन दाखवणारी मालिका मराठीत फार थोड्या वेळा झाली, ही उणीव खुपते.

अरुंधतीच्या आधीच्या काही बाया इथे आठवल्या पाहिजेत, तुलनेसाठी आणि ऋण म्हणूनही. दूरदर्शनवरच्या ‘दामिनी’मध्ये प्रतीक्षा लोणकर यांची पत्रकार नायिका पहिल्यापासूनच धीट होती; तिची गंमत लढण्यात होती, बदलण्यात नव्हती. १९९९ साली अल्फा टीव्ही मराठीवर ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही शिकलेली, कमावती प्राध्यापिका. नवरा शरद (मनोज जोशी) दुसऱ्या बाईत गुंतलेला. सुधाला अरुंधतीसारखं शून्यापासून उभं राहायचं नव्हतं. तिच्यापाशी पद होतं, मान होता, आणि तरीही घरातल्या त्या एका दुखण्यापुढे ती हतबल होती. तिची वाढ बाहेरून जवळजवळ दिसतच नसे. ती होती सोसण्याची मर्यादा स्वतःपुरती ठरवण्यात. ‘आभाळमाया’ पाहिलेल्या माझ्या पिढीला व्यक्तिरेखेच्या आतली हालचाल पाहायची सवय तिने लावली असं मी मानते.

याच्या नेमकी उलट ‘माझ्या नवऱ्याची बायको’. २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेत अनिता दाते यांची राधिका नागपूरकडची, साधीभोळी, नवरा गुरुनाथकडून फसवली गेलेली. पुढे ती मसाल्यांचा व्यवसाय उभा करते आणि मोठी उद्योजिका होते. सुरुवातीला लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिच्या वऱ्हाडी बोलण्यावर, तिच्या हिकमतीवर जीव टाकला. नंतर तिचं यश इतक्या वेगाने वाढलं की प्रेक्षक मागे राहिला. पैशात मोजलेली वाढ डोळे दिपवते, पण राधिकाला तिच्या स्वतःविषयी नवं काय कळलं याचं उत्तर मालिका देईनाशी झाली आणि कौतुक पातळ होत गेलं. अनिता दाते यांच्या कामात काही कमी नव्हतं. लिहिणाऱ्यांनी तिला जिंकायला लावलं आणि शिकायचं थांबवलं.

आणि मग रमाबाई रानडे. झी मराठीवर २०१२-१३ मध्ये झालेली ‘उंच माझा झोका’ या सगळ्यांपासून वेगळी आहे, कारण तिथे शेवट आधीच ठाऊक होता. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना १८७३ साली, अकराव्या वर्षी, विधुर महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन रमा झाली. नवरा तिशी ओलांडलेला, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि वडिलांच्या हट्टापुढे नमून कुमारिकेशी लग्न केलेला. त्याने तिला शिकवायला घेतलं, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यासाठी तिचा छळ मांडला, आणि तिने दोन्ही बाजू सांभाळत शिक्षण सोडलं नाही. पुढे १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. हे सगळं पाठ्यपुस्तकांतून लोकांना माहीत होतं. म्हणजे रमा मोठी होणार का, हा प्रश्नच नव्हता. प्रेक्षक पाहत होता ती कशी होते. तेजश्री वालावलकरने साकारलेली चुणचुणीत, घाबरट, हट्टी पोर पाटीवर अक्षर गिरवते आहे, हे पाहताना सेवासदनच्या संस्थापिकेचा फोटो मनात असणं, यातून एक वेगळीच माया तयार झाली. पुढे स्पृहा जोशी मोठ्या रमाबाई म्हणून आल्या तेव्हा त्यांच्यापुढचं आव्हान इतिहासाशी जुळण्याचं जितकं होतं तितकंच त्या छोट्या मुलीशी जुळण्याचं होतं. मोठ्या रमाच्या नजरेत ती लहान रमा सापडते का, हे लोक शोधत होते. इथे लीप होता, पण तो खुपला नाही, कारण आधीच्या काळाला मालिकेने मनापासून वेळ दिला होता.

मला पुष्कळदा विचारतात की काल्पनिक बाईच्या बदलण्याने खऱ्या बाईला काय मिळतं. मी माझ्या मावशीचं उदाहरण देते. तिने चाळीस वर्षं संसार केला. सुरुवातीला घराच्या व्यवहारात तिला विचारत नसत. आज घराचे कागद, बँक, दवाखाना सगळं तिच्या हातात आहे. हा बदल इतका सावकाश झाला की घरात कुणाच्या लक्षात आला नाही, तिच्याही नाही. ‘आई कुठे काय करते’ पाहताना एकदा ती सहज म्हणाली, ‘मीसुद्धा आधी अशी नव्हते.’ अरुंधतीच्या निमित्ताने तिने स्वतःचे जुने दिवस पहिल्यांदा आजच्या दिवसांशेजारी ठेवून पाहिले. त्यानंतर तिच्या आयुष्यात काही उलथापालथ झाली नाही, व्हायची गरजही नव्हती. पण स्वतःकडे असं पाहायला तिला त्याआधी कुणी शिकवलं नव्हतं.

या पुस्तकातले लेख वाचताना एक करावं अशी माझी विनंती आहे. ज्यांनी अरुंधतीची मालिका पाहिली आहे त्यांनी तिचे पहिले काही भाग पुन्हा काढून पाहावेत. स्ट्रीमिंगवर मालिका शोधता येते. मग २०२१ मधले, घटस्फोटाच्या आसपासचे भाग पाहावेत. मधले सगळे पाहण्याची गरज नाही, ते आपल्याला आठवतात. संजनाकडे दोन्ही वेळा नीट लक्ष द्यावं, कांचनकडेही. ज्यांनी मालिका पाहिलीच नाही त्यांनी कथासारांश वाचून मत बनवू नये. निदान सलग दोन आठवड्यांचे भाग, रोज एक, ठरलेल्या वेळी पाहावेत. एका रात्रीत वीस भाग पाहिले तर गोष्ट कळेल, पण अरुंधतीच्या बदलाची गती हातून निसटेल, आणि पुढचे लेख त्या गतीविषयीच बोलतात.